पहिल्यांदा लिस्बनला जाताना

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी देश मोजले जातात. दहा दिवसांत पाच देश, बारा दिवसांत सात. तिकीट एवढं महाग, व्हिसाचा एवढा खटाटोप, मग एकाच शहरासाठी कशाला जायचं, हा हिशेब मला कळतो. तरी पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: एक शहर निवडा आणि तिथे पाच-सहा रात्री राहा. आणि ते शहर लिस्बन असेल तर फारच छान, कारण तिथलं पुष्कळसं काही आपल्या किनाऱ्याशी बांधलेलं आहे.

मी वसईची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याआधीची दोनशे वर्षं आमच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचा कारभार होता. लहानपणी ज्या कमानींखाली डबा खाल्ला त्या बांधणाऱ्यांचं शहर कसं असेल, ही उत्सुकता मला तिथे घेऊन गेली. दोनदा गेले. एकदा मैत्रिणीबरोबर, एकदा आईबाबांना घेऊन. आईचे गुडघे दुखतात आणि लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे खरी आखणी मी दुसऱ्या खेपेला शिकले, आणि तीच इथे क्रमाने मांडते आहे.

आधी महिना ठरवा

एप्रिल ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि गर्दी त्याहून जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस येऊन-जाऊन असतो. थंडी उत्तर युरोपासारखी हाडं गोठवणारी नसते आणि मुक्काम स्वस्त पडतो, पण दिवस लवकर मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे दुपारी दोन तास झोप काढूनही संध्याकाळ हातात उरते. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर हा उजेड फार उपयोगी पडतो. समुद्रावरून संध्याकाळी गार वारा सुटतो, म्हणून मे महिन्यातही एक जाकीट हवंच.

12 जूनच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून कागदी पताका लागतात, दारोदार सार्डिन मासे निखाऱ्यावर भाजले जातात, आणि 13 तारखेला शहराला सुट्टी असते. आपल्याकडच्या गल्लीतल्या गणपतीची आठवण व्हावी असा तो माहोल आहे. गर्दी सोसत असेल तर मुद्दाम हीच तारीख धरा, नसेल तर हा आठवडा टाळा.

मग व्हिसा

पोर्तुगाल शेंगेन गटात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. पर्यटनाच्या व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. मोठ्या माणसाची फी 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45, आणि त्याहून लहान मुलांना फी नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. पण 15 दिवसांवर विसंबू नका. उन्हाळी सुट्टीच्या दिवसांत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, आणि निर्णयाला साधारण 15 दिवस लागत असले तरी तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कागद गोळा करायला बसा.

कागद कोणते? परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला पासपोर्ट. किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी. विमानाचं आणि मुक्कामाचं आरक्षण. आणि एक पानाचं साधं पत्र: मी कोण, का जाते आहे, खर्च कोण करणार, कोणत्या दिवशी कुठे असेन, परत कधी येणार. या पत्रातल्या तारखा आणि हॉटेलच्या तारखा जुळल्याच पाहिजेत. बहुतेकांचं लक्ष बँकेतल्या रकमेकडे असतं, पण घोळ तारखांत होतो. खात्यात आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आणून ठेवू नका. ती कुठून आली हा प्रश्न उभा राहतो.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या. दोन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहाल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो.

विमान

मुंबईहून निघताना कुठेतरी विमान बदलायची तयारी ठेवा: दुबई, इस्तंबूल, किंवा पॅरिस-फ्रँकफर्टसारखं युरोपातलं शहर. युरोपात बदलणार असाल तर शेंगेनचा शिक्का, म्हणजे आता बोटांचे ठसे आणि फोटो, त्या पहिल्याच विमानतळावर होतो. ती रांग मोठी असू शकते. तिथे दीड तासाची जोडणी घेणं म्हणजे जिवाला घोर लावून घेणं. तीन तास ठेवा.

सामान भरताना एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. बाहेरून युरोपीय संघात येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरी ठेवा. ठेपले (तेलातले), चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. फळांचंही तसंच, आंब्यासाठी रोपस्वास्थ्याचा दाखला लागतो. नात्यातल्या कुणासाठी हापूसची पेटी न्यायचा विचार असेल तर तो सोडा.

मुक्काम कुठे

इथे वेळ घाला. लिस्बनमध्ये खोली किती छान यापेक्षा ती किती पायऱ्या चढून आहे हे महत्त्वाचं.

आल्फामा ही सगळ्यात जुनी वस्ती. छायाचित्रात दिसते ती: पायऱ्यांच्या गल्ल्या, खिडक्यांतून वाळणारे कपडे, निळ्या फरशा. बघायला अप्रतिम, पण तिथल्या कित्येक दारांपर्यंत टॅक्सी जात नाही, आणि बॅगा उचलून पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या खेपेला आम्ही तिथेच राहिलो. तरुण होतो, निभावलं. आईबाबांबरोबर मी बायशा निवडलं, म्हणजे नदीकाठचा सपाट भाग. मेट्रो जवळ, रस्ते सरळ, रात्री आठलाही रस्त्यात माणसं. थोडं स्वस्त हवं असेल तर सालदान्याच्या आसपास बघा. तिथे पर्यटक कमी, इमारती नव्या, आणि मेट्रोने दहा-बारा मिनिटांत मध्यभागी पोचता येतं.

आरक्षणाआधी दोन गोष्टी विचाराच: इमारतीला लिफ्ट आहे का, आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. जुन्या इमारतींना बरेचदा लिफ्ट नसते. शहराचा पर्यटन करही धरून चाला: दर माणशी दर रात्री 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्रींसाठी. 13 वर्षांखालच्या मुलांना तो नाही. हॉटेलच्या भाड्यात तो धरलेला नसतो आणि आल्यावर वेगळा मागतात.

पैसे आणि फोन

फॉरेक्स कार्ड आणि शे-दीडशे युरो रोख पुरेत. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. यंत्र विचारतं, रुपयांत घ्यायचे की युरोत? नेहमी युरो म्हणा, रुपयांतला दर महाग पडतो. रोख काढायची तर बँकेच्या भिंतीतलं मल्टिबांको यंत्र शोधा, पर्यटनस्थळी उभी असलेली रंगीबेरंगी खासगी यंत्रं नकोत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घेत जा. चार्जरची दोन गोल पिनांची बारीक प्लग तिथे बसते, तीन पिनांची बसत नाही. तातडीच्या मदतीसाठी 112.

उतरल्यावर

विमानतळ शहरातच आहे. तिथूनच मेट्रोची लाल मार्गिका सुरू होते. आलामेदा स्थानकावर हिरवी मार्गिका पकडली की रुसियू किंवा बायशा-शियादूला उतरता येतं. यंत्रातून नावेगांत नावाचं कार्ड घ्या, 50 सेंटचं. प्रत्येकाला आपापलं कार्ड लागतं, एकावर चौघं जाता येत नाही. त्यावर 24 तासांचा पास घाला, साधारण 7 युरो. मेट्रो, बस, ट्राम सगळं त्यात येतं. ज्या दिवशी दोनच फेऱ्या करायच्या असतील त्या दिवशी पास नको, सुटे पैसे भरलेलं कार्ड स्वस्त पडतं. मात्र पास आणि सुटे पैसे एकाच कार्डावर एका वेळी राहत नाहीत. म्हणून दोन कार्डं ठेवा आणि त्यांवर पेनाने खूण करा.

पोचल्याच्या दिवशी काही बघायचं ठरवू नका. आंघोळ करा, आणि संध्याकाळी प्रासा दु कोमेर्सिऊला जा. तीन बाजूंना पिवळ्या इमारती, चौथी बाजू उघडी, आणि समोर तेजू नदी. इथे ती इतकी रुंद आहे की खाडीच वाटते. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. तिथे बसा.

पहिला दिवस: भूकंपानंतरचं शहर

1 नोव्हेंबर 1755. ख्रिस्ती सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, दारोदारी मेणबत्त्या. मोठा भूकंप झाला, मागून समुद्राच्या लाटा आल्या, मग दिवसेंदिवस आग. राजवाडा, ग्रंथालयं, हजारो माणसं गेली. तुम्ही काल संध्याकाळी बसलात तो चौक म्हणजे तेव्हाच्या राजवाड्याची जागा. आजही लिस्बनचे लोक त्याला राजवाड्याचं अंगण याच अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात.

पुढे पाँबाल नावाच्या मंत्र्याने शहराचा हा भाग पट्टीने आखल्यासारखा पुन्हा उभा केला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, धक्का बसला तर डुलावेत पण कोसळू नयेत म्हणून. आणि गल्ल्यांना व्यवसायांची नावं दिली: सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची. पुण्याच्या तांबट आळी-बुरूड आळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

सकाळी या गल्ल्यांतून चाला. मग बायशा-शियादू स्थानकात शिरा आणि शियादूच्या बाजूने बाहेर पडा. लांबलचक सरकते जिने तुम्हाला आयतेच टेकडीवर नेतात. सांता जुश्ताचा 1902 चा लोखंडी लिफ्ट-मनोरा बघायला लोक खाली तासभर रांग लावत आले आहेत. तुम्ही वर आहातच, कार्मूच्या चौकातून मागच्या बाजूने त्याच्या पुलापाशी जा. दृश्य तेच.

कार्मूचा मठ चुकवू नका. भूकंपात छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. मी तिथे उभी राहिले आणि आमचं वसईचं चर्च समोर आलं. तसाच कातळ, तशीच गवताची जमीन. आईने विचारलं, "हेही आपल्याच लोकांनी पाडलं का गं?" नाही आई, हे धरणीने पाडलं.

मठाबाहेरच्या या लहानशा चौकात 25 एप्रिल 1974 ला पोर्तुगालची हुकूमशाही संपली. सैनिकांनी इथल्या बराकीला वेढा घातला आणि पंतप्रधान काएतानूने सत्ता सोडली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं या क्रांतीनंतर, 1974 च्या शेवटी. गोव्याच्या माणसाने या चौकात पाच मिनिटं थांबायला हवं.

टेकड्यांवर चढणाऱ्या पिवळ्या केबल-गाड्यांबद्दल: सप्टेंबर 2025 मध्ये ग्लोरियाच्या गाडीला अपघात झाला आणि 16 माणसं गेली. त्यानंतर या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या. निघण्याआधी कोणती सुरू आहे ते बघून घ्या आणि आखणी त्यांच्यावर अवलंबून ठेवू नका.

दुसरा दिवस: बेलेम, पण सोमवारी नाही

जेरोनिमूश मठ आणि सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. 1 मे आणि 13 जूनलाही मठ बंद. हे न बघता आम्ही पहिल्या खेपेला सोमवारीच गेलो आणि बंद दारासमोर उभ्या राहिलो. तुमचा सोमवार लिस्बनजवळच्या सिंत्रा गावासाठी ठेवा.

काइश दु सुद्रे स्थानकातून लोकल पकडली की सात-आठ मिनिटांत बेलेम येतं. 15 नंबरच्या ट्रामनेही जाता येतं, पण ती खचाखच भरलेली असते. नऊच्या आत पोचा.

जेरोनिमूशचं बांधकाम 1500 नंतर लगेच राजा मानुएलने काढलं, आणि त्याचा खर्च पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून निघाला. म्हणजे मिरी-दालचिनीचं रूपांतर या दगडी नक्षीत झालेलं आहे. खांबांना पिळलेल्या दोरखंडांचा आकार, त्यांवर पोवळी, शिंपले, पानं. मठाच्या अंगणासाठी साधारण 18 युरोचं तिकीट आहे, ते आधीच काढून ठेवा. लगतच्या चर्चमध्ये जायला पैसे लागत नाहीत, फक्त रांग वेगळी. वेळ किंवा पैसे कमी असतील तर चर्च तरी बघाच.

दारातून शिरताच दोन बाजूंना दोन थडगी: एक कवी कामोईंशचं, दुसरं वास्को द गामाचं. गामा मेला कोचीनला, 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी. हाडं पुढे पोर्तुगालला नेली आणि 1880 मध्ये इथे आणली. आमच्या समोर एक शाळकरी गट होता, बाई कौतुकाने त्याच्या सफरी सांगत होत्या. हा माणूस तिथे नायक आहे. मलबारच्या किनाऱ्यावर त्याने हजयात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, ते थडग्यावर लिहिलेलं नाही. दोन्ही मनात ठेवून बघा.

बाहेर पडून नदीकडे चला. बागेत उंच खांबावर अफोंसो द अल्बुकर्क उभा आहे, 1510 मध्ये गोवा जिंकणारा. आपल्या हापूसला ज्याचं नाव चिकटलं असं सांगतात तो अफोंसो हाच. पुढे 1960 साली उभारलेलं, जहाजाच्या नाळेसारखं दर्यावर्दींचं स्मारक. त्याच्या पायथ्याशी जमिनीवर संगमरवरी जगाचा नकाशा आहे, मुलांना तो फार आवडतो. आपला किनारा शोधायला लावा.

बेलेमचा बुरूज 1500 नंतरच्या दुसऱ्या दशकातला. आतून बघायचा असेल तर दुरुस्तीसाठी बंद आहे का ते आधी पाहा. मला तरी तो बाहेरूनच जास्त आवडतो, कारण मला बघायचा असतो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. 1515 च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजात चढला आणि 20 मेला लिस्बनला उतरला. युरोपने हजारेक वर्षांत गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने तर न बघता, निव्वळ वर्णनावरून, त्याचं चित्र काढलं. त्याच सुमारास हा बुरूज बांधला जात होता, आणि एका लहान मनोऱ्याच्या बुडाशी कारागिरांनी गेंड्याचं तोंड कोरलं. वारा-पावसाने झिजलंय, पण नीट शोधलं की दिसतं.

परतताना 1837 पासूनच्या बेलेमच्या दुकानात अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या कुरकुरीत टार्ट खा. गरम, वर दालचिनी भुरभुरून. रस्त्यापर्यंतची रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला पुष्कळ दालनं आहेत.

तिसरा दिवस: आल्फामा, शक्यतो मंगळवारी किंवा शनिवारी

या दोन दिवशी सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरतो. चढण टाळायची युक्ती अशी: रुआ दुश फांकेरूशवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्यावर सोडते. पलीकडच्या सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी लिफ्ट आणखी वर नेते. तिथून टेकडीवरचा जुना किल्ला थोड्या चालीवर. नाहीतर फिगैरा चौकातून 737 नंबरची बस.

किल्ल्यावरून खाली उतरत या. पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया या दोन कट्ट्यांवरून लाल कौलांचा उतार आणि नदी दिसते. इथली कौलं बघून कोकणातला माणूस हळवा होतोच. आल्फामा हे नाव अरबी, गरम झऱ्यांवरून आलेलं. भूकंपात हा भाग बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून मध्ययुगातल्या. इथे नकाशा बंद करा. हरवलात तर उताराकडे चाला, नदी येते.

साँव विसेंतच्या मठात मुंबईकरांनी जायलाच हवं. तिथे ब्रागांसा राजघराण्याची थडगी आहेत आणि त्यात राणी कातारीनाही आहे. 1661 च्या करारात हिच्या इंग्लंडच्या राजाशी होणाऱ्या लग्नात मुंबई आंदण गेली. आपण इतिहासात एका ओळीत वाचतो, "मुंबई हुंड्यात दिली." ती जिच्या हुंड्यात गेली ती बाई इथे आहे. फारसं कुणी तिच्यासाठी येत नाही. आई बराच वेळ तिथे उभी होती.

उतरताना मोठ्या चर्चजवळ आल्झूबचं संग्रहालय लागतं. हुकूमशाहीच्या काळात हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. कोठड्या एवढ्या अरुंद की हात पसरता येत नाहीत. 

28 नंबरची ट्राम प्रसिद्ध आहे, आणि खिसेकापूंसाठीही. बसायचंच असेल तर सकाळी लवकर, आणि मार्तीं मोनीजऐवजी दुसऱ्या टोकाहून, काम्पू द औरीकहून. पर्स पोटावर, मोबाईल आत, पासपोर्ट हॉटेलात आणि त्याची प्रत जवळ.

चौथा आणि पाचवा दिवस

सिंत्रा: रुसियूहून लोकलने 40 मिनिटं. पेना राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं, आधी काढा. फाटकापासून राजवाड्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण आहे हे धरून वेळ निवडा. तिथे लिस्बनपेक्षा गारवा आणि बरेचदा धुकं असतं. एका दिवसात दोनच जागा: पेना आणि रेगालैराची बाग. तिसरी जागा कोंबली की फक्त बसच्या रांगा आठवतात.

पाचव्या दिवशी कश्कैशला जाणारी समुद्रकाठची लोकल घ्या. वाटेत कशियाश नावाचं स्थानक येतं. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे होते. गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. 1955 मध्ये पकडले गेले, 26 वर्षांची शिक्षा झाली, आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते या परक्या किनाऱ्यावर कैदेत राहिले. जानेवारी 1969 मध्ये सुटले. बघायला तिथे काही नाही. गाडी मिनिटभर थांबते, निळा समुद्र दिसतो. बाबांनी चष्मा काढून पुसला.

खाणं

मासे खाणाऱ्यांना चिंता नाही. शाकाहारी माणसाने मात्र काही शब्द पाठ करावेत. "सोउ वेजेतारियानू", बाईने "वेजेतारियाना". "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासा नको. हिरव्या भाजीचं प्रसिद्ध सूप असतं त्यात सॉसेजचा तुकडा टाकतात, विचारा. आणि सगळ्यात मोठा चकवा: मेन्यूवर "पेरू" दिसला तर तो आपला पेरू नाही, टर्की पक्षी आहे! "शामुसा" म्हणजे समोसाच, आपल्याकडून गेलेला, पण आत बहुधा खिमा असतो.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणाला वाईट वाटत नाही. दुपारी "प्रातू दु दीया" मागा, म्हणजे त्या दिवसाचं ताट, स्वस्त आणि पोटभर. साडेतीन ते सात बऱ्याच खाणावळींची चूल बंद असते. भात-आमटीची आठवण अनावर झाली तर मार्तीं मोनीज भागात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं भरपूर आहेत. कढीपत्तासुद्धा मिळतो.

एकदा सुपरमार्केटमध्ये मात्र उगाच चक्कर मारा. पाट्या वाचा: बाताता म्हणजे बटाटा, आनानाश म्हणजे अननस, पाँव म्हणजे पाव, कोव म्हणजे कोबी, साबाँव म्हणजे साबण. किल्लीवाल्याच्या दुकानावर "शाव" लिहिलेलं असतं, ती आपली चावी. आई एकेक पाटी वाचत लहान मुलीसारखी हसत होती. परक्या देशात भाषा कळायला लागते तो आनंद तिला तिथे मिळाला.

पायांत काय, परत काय आणायचं

लिस्बनचे पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान दगडांचे, नक्षीचे. सुंदर आहेत, आणि पाऊस पडला की साबणासारखे निसरडे. रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट हवेत. नवे बूट तिथे काढू नका, गुळगुळीत तळव्याच्या चपला तर नकोतच.

आठवण म्हणून निळी फरशी सगळ्यांनाच घ्यावीशी वाटते. जुन्या बाजारात जुन्या फरशा मिळतात, त्या घेऊ नका. कुठल्या तरी भिंतीवरून उचकटलेल्या असू शकतात, आणि मागणी आहे म्हणूनच चोऱ्या होतात. नवी, हाताने रंगवलेली घ्या. साडीत नीट गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा. आमची वसईला सुखरूप आली आणि आता स्वयंपाकघरात ओट्याच्या वर बसवली आहे.